शोधनिबंध किती, आणि त्यांचा आधार घेतला किती जणांनी?



सुताराने केलेली खुर्ची बसून बघता येते. पण प्रयोगशाळेत पेशी, प्रथिनं, औषधं यांवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या जीववैद्यकीय संशोधकाचं काम कसं जोखायचं? जगभर त्यासाठी दोन आकडे बघतात. एक, त्याचे शोधनिबंध किती. दुसरा, इतरांनी त्या निबंधांचा आधार किती वेळा घेतला. नोकरी, बढती, निधी या सगळ्यांत हे आकडे पुढे येतात. म्हणूनच ते नीट वाचता आले पाहिजेत.

सायटेशन म्हणजे काय?

शोधनिबंधाच्या शेवटी संदर्भसूची असते. ज्या जुन्या कामाचा आधार घेतला त्याची नोंद तिथे करतात. अशी एक नोंद म्हणजे त्या जुन्या निबंधाला मिळालेलं एक सायटेशन, म्हणजेच उद्धरण. या नोंदी एकत्र करण्याची कल्पना यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये मांडली आणि १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ निघाला. एखादी कल्पना पुढे कुठे कुठे गेली हे शोधता यावं, हा त्यामागचा हेतू. माणसांना गुण देण्यासाठी त्याचा वापर पुढे वाढत गेला.

एच-इंडेक्स कसा काढतात?

२००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी ही सोपी रीत सुचवली. समजा, एका संशोधकाचे पाच निबंध आहेत आणि त्यांना ४०, १२, ६, ४ आणि १ अशी सायटेशन्स मिळाली आहेत. निदान ४ सायटेशन्स मिळालेले निबंध ४ आहेत. निदान ५ मिळालेले मात्र ५ नाहीत, तीनच आहेत. म्हणून त्याचा एच-इंडेक्स ४. किती लिहिलं आणि ते किती वापरलं गेलं, दोन्ही एकाच आकड्यात येतं.

पण इथेच गोम आहे. एकाच निबंधाला तीन लाख सायटेशन्स मिळाली, तरी त्या निबंधामुळे एच-इंडेक्समध्ये भर पडते फक्त १ ची!

तीन लाखांचा निबंध

असा निबंध खरंच आहे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांनी तो १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. विषय काय? द्रावणात प्रथिन किती आहे ते मोजण्याची रीत. तांबं आणि फोलिन अभिकर्मक वापरले की निळा रंग येतो, आणि प्रथिन जास्त तितका रंग गडद. शिंप्याला टेप लागते तशी ही रीत जीवरसायनाच्या प्रयोगशाळांना लागत राहिली. २०१४ मध्ये ‘नेचर’ने सर्वाधिक उद्धृत १०० निबंधांची यादी दिली, तेव्हा हा निबंध पहिला होता आणि त्याची सायटेशन्स तीन लाखांच्या वर होती. डीएनएची रचना सांगणारा वॉटसन-क्रिक यांचा १९५३ चा निबंध मात्र पहिल्या शंभरात नव्हता.

मग लाउरींचं काम डीएनएच्या शोधापेक्षा मोठं का? तसं कुणी म्हणणार नाही. हा आपला महान निबंध नव्हे, असं खुद्द लाउरीही मानत. सायटेशन्स सांगतात की काम किती वापरात आहे. ते किती मोलाचं, हे त्यातून आपोआप कळत नाही.

आकडा उशिरा येतो तेव्हा

कातालिन कारिको या हंगेरीत जन्मलेल्या संशोधिका. एम-आरएनएपासून औषध करता येईल, यावर त्यांचा ठाम विश्वास. पण निधी मिळेना. १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांना खालच्या पदावर यावं लागलं. तरी काम सोडलं नाही. २००५ मध्ये ड्र्यू वाइसमन आणि इतरांसोबत त्यांनी दाखवून दिलं, की आरएनएतला एक घटक किंचित बदलला तर शरीराची दाहक प्रतिक्रिया टळते. तेव्हा फार थोड्यांनी दखल घेतली. पंधरा वर्षांनी कोविडच्या एम-आरएनए लसी याच पायावर उभ्या राहिल्या. २०२३ मध्ये दोघांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता सांगा, २००६ साली नुसते आकडे बघून या कामाला निधी कुणी दिला असता?

लक्षात ठेवा

- तरुण संशोधकाची तुलना ज्येष्ठाशी करू नका. सायटेशन्स साठायला वर्षं लागतात.
- वेगवेगळ्या विषयांतले आकडे शेजारी ठेवू नका. जिथे संशोधक जास्त, तिथे सायटेशन्सही जास्त.
- आढावा घेणारे लेख आणि पद्धती सांगणारे निबंध जास्त उद्धृत होतात.
- चूक दाखवण्यासाठी केलेला उल्लेखही सायटेशन म्हणूनच मोजला जातो.

आकडा बघायला हरकत नाही. पण बघून झाला की निदान एक निबंध उघडून वाचा.

स्वाध्याय

‘अ’चे १० निबंध, प्रत्येकाला १० सायटेशन्स. ‘ब’चे २ निबंध, एकाला ५०० आणि दुसऱ्याला ४००. दोघांचा एच-इंडेक्स काढा. संशोधनासाठी निधी तुम्ही कुणाला द्याल? निर्णयाआधी आणखी काय विचाराल? पाच ओळी लिहा.