शेवाळापासून गॅस : आधी हिशेब, मग हौद



कापड घेताना आपण पोत पाहतो, गज लावून मोजतो, मगच भाव बोलतो. नव्या धंद्याचेही तसेच करावे. युसूफ वडगावसारख्या बीड जिल्ह्यातील गावात ऊन मुबलक, पाणी मात्र जपून वापरण्याची चीज. म्हणून सांडपाण्यावर शेवाळ वाढवून त्यापासून गॅस काढण्याची गोष्ट ऐकायला गोड वाटते. ती खोटी नाही, पण तिचा हिशेब समजून घेतला पाहिजे.

घाणीपासून गॅस आपल्याकडे नवा नाही. 1897 साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात मैल्यापासून गॅस काढून वापरला गेला. शेवाळ कुजवून गॅस काढण्याचे प्रयोग अमेरिकेत ऑस्वाल्ड व गोलुके या शास्त्रज्ञांनी 1957 च्या सुमारास केले.

काम कसे चालते? सांडपाण्यात नत्र व स्फुरद असते. एक फूट खोलीच्या उथळ हौदात ऊन मिळाले की शेवाळ त्यावर वाढते आणि प्राणवायू सोडते. त्या प्राणवायूवर जिवाणू घाण कुजवितात व पाणी सुधारते. मग शेवाळ गोळा करून बंद टाकीत कुजविले की जळणारा मिथेन वायू मिळतो.

आता हिशेब करू. चौरस मीटरला रोज 15 ग्रॅम सुके शेवाळ धरले, तर 100 चौरस मीटरच्या हौदातून दीड किलो निघेल. त्याचा गॅस सुमारे अर्धा घनमीटर, म्हणजे सिलिंडरच्या गॅसच्या पाव किलोहूनही कमी. एवढाच गॅस 12-13 किलो ताज्या शेणातून निघतो. शिवाय उन्हाळ्यात रोज 8 मिलिमीटर पाणी उडाले, तरी त्या हौदातून 800 लिटर गेले! आपल्या भागात हा तोटा लहान नाही.

दुसरी अडचण अशी की शेवाळात नत्र जास्त व कर्ब कमी असतो. त्यामुळे टाकीत अमोनिया वाढून जिवाणू मंदावतात. यावर उपाय आहे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात निम्मे शेवाळ व निम्मी कागदाची रद्दी मिसळली, तेव्हा मिथेन सुमारे दुप्पट मिळाला.

रंगारी बंधूंनी एक ध्यानात ठेवावे. रंगाचे पाणी या हौदात सोडू नये. गडद पाण्यात ऊन शिरत नाही आणि त्यातील मीठ व रसायने शेवाळाला व जिवाणूंना मारक ठरतात.

मग हा धंदा कोणाचा? ज्याला पाणी साफ करावेच लागते त्याचा : नगरपालिका, मोठे वसतिगृह, दूध डेअरी. स्पेनमधील चिक्लाना गावात सांडपाण्यावरच्या शेवाळाच्या गॅसवर मोटारी चालल्या, पण तिथेही मूळ काम पाणी साफ करण्याचेच होते. गॅस हा जोडधंदा.

घरी जनावरे असतील तर आधी गोबरगॅस बांधावा. शेवाळावर पैसा लावण्यास कोणी सांगितले, तर त्याला दोनच प्रश्न विचारावेत : रोज सुके शेवाळ किती किलो, आणि उडालेले पाणी किती लिटर? उत्तर मिळेपर्यंत थैलीची गाठ सोडू नये.