ऑर्डर मिळाली, पैसे कधी?

शंका : मी एका खासगी कंपनीत खरेदी विभागात आहे. महिला आणि दलित उद्योजकांकडूनही माल घ्या, असं वरून आलंय. आमच्यावर सरकारी बंधन नाही. मग ही समाजसेवा खरेदी खात्याच्या माथी का? (वाचक, चाकण)

समाधान : समाजसेवा म्हणून करणार असाल तर करूच नका, वर्षभरात कंटाळाल. 1 फेब्रुवारी 1997 ला जपानमध्ये आयसिन कंपनीच्या करिया इथल्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथंच बनायचा. टोयोटाचे कारखाने काही दिवस ठप्प झाले. सावरले ते इतर लहानमोठ्या कंपन्यांनी आपापल्या मशीनवर व्हॉल्व्ह काढून दिले म्हणून. त्यात शिवणयंत्रं बनवणारी ब्रदरसुद्धा होती. पुरवठादार चार ठिकाणी, चार प्रकारचे असावेत ते यासाठी.

दुसरी बाजू गावाची. 1967 मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला दंगल पेटली आणि पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सनं कृष्णवर्णीय पुरवठादारांसाठी कार्यक्रम सुरू केला. कारखान्याशेजारच्या वस्तीला त्या कारखान्यातून काहीच मिळत नसेल, तर तिथली अशांतता गेटवर येणारच.

पुरवठादार सापडत नाहीत, ही सबब सांगू नका. दलित उद्योजकांची ‘डिक्की’ 2005 मध्ये तुमच्या पुण्यातच स्थापन झाली. त्यापेक्षा तुमचा व्हेंडर नोंदणीचा फॉर्म काढून बघा. तीन वर्षांचे ताळेबंद आणि किमान इतकी उलाढाल मागितली असेल, तर नवा माणूस तिथंच गळतो. दर्जाच्या अटीला हात लावू नका, उलाढालीची सैल करा आणि पहिली ऑर्डर एकाच पार्टची, लहान द्या.

शंका : आमचं खोक्यांचं युनिट माझ्या नावावर आहे, व्यवहार मिस्टर बघतात. महिलांसाठीच्या 3 टक्क्यांत आम्ही बसू का? (वाचक, सातारा)

समाधान : ताई, आधी ते 3 टक्के समजून घ्या. 2012 च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्राची खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान 25 टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते; त्यातच 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून. हे खरेदीदाराचं वार्षिक उद्दिष्ट आहे, तुमच्या टेंडरमधला राखीव वाटा नव्हे. लहान उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी असेल तर टेंडरची अनामत रक्कम भरावी लागत नाही, हा मात्र लगेच दिसणारा फायदा.

कागदावर तुम्ही बसाल. पण महिला उद्योग म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या वी-कनेक्टसारख्या संस्था 51 टक्के मालकीबरोबर कारभारही बाईच्या हातात आहे का, हे बघतात. कागदाचा भाव कितीनं चढला आणि कुणाचं बिल अडकलंय, हे विचारल्यावर तुम्ही मिस्टरांकडे बघणार असाल, तर अर्ज सहा महिन्यांनी करा. तोवर गल्ल्याची किल्ली स्वतःकडे घ्या. सहीपुरती मालकीण हा या योजनांना लागलेला सगळ्यात जुना रोग आहे.

शंका : मोठ्या कंपनीची ऑर्डर मिळाली, पण पीओवर पैसे देण्याची 90 दिवसांची मुदत छापलीय. सही करू का? (वाचक, बुटीबोरी)

समाधान : तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल तर सही केली तरी ती मुदत कायद्यापुढे टिकत नाही. 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार असला तरी कमाल 45 दिवस, करार नसेल तर 15. उशीर झाला की बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. शिवाय मुदत उलटलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत कंपनीला ती प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. हे सांगणारं कलम 43 बी (एच) आल्यापासून अकाउंट्सवाले मार्च जवळ आला की स्वतःहून फोन करू लागलेत.

बिल अडकलं तर सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते. पण पुढची ऑर्डर जाईल या भीतीनं बहुतेकजण करत नाहीत, आणि ती भीती खोटी नाही. म्हणून आधी ‘ट्रेड्स’ या बिलं वटवण्याच्या ऑनलाइन व्यवस्थेवर बिल वटवता येईल का, ते कंपनीला विचारा; थोडी सूट सोडावी लागते, पण पैसे लवकर हातात येतात. विविधतेचा अहवाल गुळगुळीत कागदावर छापायचा आणि बिलं 90 दिवस दाबून ठेवायची, हा दुटप्पीपणा आहे. बिल अडकलं की पगार अडकतो; आणि कामगारांचा पगार सात तारखेला होतो की वीसला, यावर वाण्याची उधारीही ठरते.

प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापून घ्या आणि माल पोचल्याची सही-शिक्क्याची चलनं जपून ठेवा. तक्रारीची वेळ आलीच, तर परिषदेत पहिल्यांदा तीच मागतात.