लस न घेऊ शकणारी बालके : देवीच्या लशीचा धडा

पन्नाशी ओलांडलेल्या आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावर देवीच्या लशीचा वण आहे. आपल्या मुलांच्या दंडावर दिसतो तो क्षयरोगप्रतिबंधक बीसीजीचा. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली आणि भारतात या लसीकरणाचा प्रारंभ झाला. मे 1975 मध्ये देशातील अखेरचा रुग्ण आढळला आणि 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातून देवीचे उच्चाटन झाल्याचे घोषित केले.

एवढे यश देणारी ही लस सर्वांनाच मानवत होती काय? तसे नव्हते. तीत व्हॅक्सिनिया नावाचा जिवंत विषाणू असे. निरोगी शरीरात तो टोचल्या जागी एक फोड उठवून शांत होई. मात्र इसब असलेल्या वा पूर्वी होऊन गेलेल्या मुलांच्या अंगभर तो पसरण्याचा धोका असे. रक्ताचा कर्करोग, एचआयव्हीची लागण, अवयवरोपण किंवा स्टिरॉइडचे मोठे डोस यांमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना तो आवरत नसे. गर्भवती आणि हृदयविकाराचे काही रुग्ण यांनाही ही लस टाळावी लागे. 2007 मध्ये अमेरिकेत एका सैनिकाने ही लस घेतली. त्याच्या इसब असलेल्या लहानग्या मुलाला संसर्ग होऊन तो अत्यवस्थ झाला व दीर्घ उपचारांनंतर वाचला. म्हणून केवळ लस घेणाऱ्याचीच नव्हे, तर त्याच्या घरातील माणसांचीही विचारपूस आवश्यक ठरते. प्रत्यक्ष देवीच्या रुग्णाशी संपर्क आल्यास मात्र लशीपेक्षा रोगच अधिक घातक मानला जाई. कारण त्यात दहापैकी सुमारे तीन रुग्ण दगावत.

मग अशा मुलांचे रक्षण कोणी केले? भोवतालच्या लस घेतलेल्या माणसांनी. रोगाला पुढे सरकण्यास वाटच उरली नाही.

देवी गेली, तरी हा धडा जुना झालेला नाही. गोवर-रुबेलाची लसही जिवंत, पण क्षीण केलेल्या विषाणूंची आहे. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या बालकाला ती त्या काळात देता येत नाही. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ येऊन बालके दगावली, हे आपणांस स्मरत असेल.

माले व मुळशी धरण परिसरातील पालकांना आमची विनंती आहे की, किरकोळ सर्दी, खोकला वा अशक्तपणा ही लस चुकविण्याची कारणे नव्हेत. गोवर-रुबेलाचे दोन डोस, नवव्या ते बाराव्या आणि सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यांत, अवश्य द्यावेत. मुलाला मोठा आजार असेल, पूर्वीच्या लशीची तीव्र ॲलर्जी आली असेल किंवा कोणतेही औषध दीर्घकाळ चालू असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. लस द्यावी की थांबावे, हा निर्णय त्यांचा असावा. शेजारपाजारच्या ऐकीव गोष्टींचा नसावा.

आम्ही प्रशासनातील माणसे, हिशेबाच्या भाषेत सांगतो. धडधाकट बालकाला दिलेली लस त्याच्या एकट्याच्याच खात्यावर जमा होत नाही. त्याच अंगणवाडीत बसणाऱ्या, लस घेऊ न शकणाऱ्या बालकाच्या खात्यावरही ती जमा होते. त्या बालकाकडे दुसरी पुंजी नाही.