सहाव्या वर्षाची दाढ

मूल सहा वर्षांचं होतं तेव्हा त्याच्या तोंडात दोन गोष्टी एकाच सुमाराला घडतात. खालचा समोरचा दात हलायला लागतो आणि त्याचं घरभर कौतुक होतं. पडलेला दात छपरावर फेकायचा की उंदराला द्यायचा यावर आजी-आजोबांचं एकमत होत नाही, बोळक्या तोंडाचा फोटो मामाला जातो. तेव्हाच तिकडे, सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागे, हिरडी फोडून पक्क्या दाढा वर येत असतात. वर दोन, खाली दोन. त्यांना जागा द्यायला कुठलाच दात पडत नाही, म्हणून त्या आल्याचं कुणाला कळत नाही. माझ्या मुलीच्या आल्या हे आम्हाला कळलं ती तिसरीत असताना, आणि तेही दाढ ठणकायला लागल्यावर.

तिच्या खालच्या दाढेवर काळी रेघ आधीपासून दिसत होती. सासूबाई म्हणाल्या, "दुधाची आहे, पडेल आणि नवी येईल." घरातल्या सगळ्यांना ते पटलं, कारण सगळ्यांनी लहानपणी तेच ऐकलेलं. शाळेत तपासणीला आलेल्या पथकाने दंतवैद्याला दाखवा अशी चिठ्ठी दिली होती, ती वहीतच राहिली. मग एका रात्री ठणका. लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. शेजारच्या मावशींनी भुईरिंगणीच्या बियांची धुरी सुचवली, किडे पटापट बाहेर पडतात म्हणे. दातात अळी नसते हो. तोंडातले जिवाणू साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचं कवच विरघळतं, ती कीड. ठणकणाऱ्या दाढेवर मशेरी दाबणारी घरंही मला माहीत आहेत. ती तर निव्वळ तंबाखू, लेकराच्या तोंडात घालायची वस्तूच नव्हे.

डॉक्टरांनी छोटा आरसा धरून मला दाढ दाखवली. म्हणाले, "आई, ही दुधाची नाही. ही आता पडायची नाही, आणि हिच्या जागी दुसरी यायचीही नाही."

पुढचं ऐकून तर मी गारच झाले. या दाढेची मुळं पूर्ण व्हायला ती वर आल्यानंतरही साधारण तीन वर्षं लागतात. त्याआधी कीड आतल्या नसेपर्यंत पोचली तर मोठ्या माणसासारखं सरळ रूट कॅनाल करता येत नाही, कारण मुळाचं टोक अजून उघडं असतं. आधी औषध भरून ते टोक बंद करायचं, वाट पाहायची, मग पुढचं. मुलीची दाढ वाचली, पण शाळा बुडवून, इंजेक्शनं सोसून, आणि खर्च करून. आता वर टोपी आहे आणि मुलगी मोठी झाल्यावर ती बदलावी लागणार आहे.

हीच दाढ इतकी का किडते, हे मी नंतर डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. तिच्या माथ्यावर खोल, अरुंद खाचा असतात. ब्रशचा केस त्यात शिरत नाही, बिस्किटाचा लगदा मात्र शिरतो. नव्या दाताचं कवचही अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं. शिवाय वर येताना कित्येक महिने ती शेजारच्या दाढांपेक्षा खालीच असते. ब्रश पुढच्या दाढांवरून फिरतो आणि हिला न शिवता परत येतो. म्हणून तिच्यासाठी ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घालावा लागतो, आणि हे सहा वर्षांच्या पोराला जमत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचे दात मोठ्या माणसानेच घासावेत, असं माझं आता ठाम मत आहे. "आमचा स्वतःचा स्वतः घासतो" हे कौतुकाने सांगणाऱ्यांना मी विचारते, तो स्वतःची नखं कापतो का?

रात्रीचा ब्रश सकाळच्यापेक्षा महत्त्वाचा. झोपेत लाळ कमी होते, म्हणजे तोंड धुणारं पाणीच आटतं. ब्रश झाल्यावर साखर घातलेलं दूध द्यायचं नाही. दूध हवंच असेल तर आधी. पेस्ट फ्लोराइडची, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली दिसते तेवढी नको. फेस थुंकायला लावा, पण लगेच खळखळून चुळा भरायला लावू नका, थोडं फ्लोराइड दातांवर राहू दे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या आईवडिलांनी पेस्टबद्दल डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

गोड बंद करा असं मी म्हणणार नाही, आमच्याकडे ते कधी जमलंही नाही. पण जेवणासोबत खाल्लेल्या लाडवापेक्षा दिवसभर चघळलेला बिस्किटाचा पुडा दाताला जास्त घातक. दर वेळी गोड तोंडात गेलं की पुढचा अर्धा तास तरी आम्लाचा मारा चालू राहतो. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, ते बघा.

आणि दुधाची दाढ किडली तर चालते, हेही खोटं. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. त्यातली एखादी किडून लवकर काढावी लागली की मागची पक्की दाढ पुढे सरकते, आणि खालून यायच्या दाताला वाट उरत नाही. दात वेडेवाकडे येण्याचं हे एक नेहमीचं कारण.

ओळखायची युक्ती सोपी आहे. समोरच्या दोन दातांमधल्या फटीपासून एका बाजूने मोजत जा, पडलेल्या दाताची रिकामी जागाही धरा. पहिले पाच दुधाचे, किंवा त्यांच्या जागी आलेले. सहावा दिसला तर तो पक्का.

तो दिसला की दंतवैद्याला खाचा बुजवून घेण्याबद्दल विचारा. दाढ न कोरता, भूल न देता वर पातळ थर बसवतात, सीलंट म्हणतात त्याला. धाकट्या मुलाचं आम्ही ते वेळेत करून घेतलं. तो खुर्चीवर बसून पाय हलवत होता. थर अधूनमधून तपासून घ्यावा लागतो, एवढंच. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून शाळा-अंगणवाड्यांत मुलं तपासतात, त्यात दातही बघतात. तिथून चिठ्ठी आली तर ती वहीत राहू देऊ नका. त्याच आठवड्यात मुलाला घेऊन जा.