‘तुमच्या कम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’: या इशाऱ्याचा खरा खर्च किती?

स्क्रीन अचानक निळी होते, कर्कश बीप वाजायला लागतो, एक बाई इंग्रजीत बजावते की कम्प्युटर बंद करू नका, आणि मधोमध ठळक अक्षरांत एक फोन नंबर झळकतो. असं झालं तर तो नंबर लावू नका. घाबरूही नका, कारण बहुतेक वेळा तुमच्या कम्प्युटरला काहीच झालेलं नसतं. आणि हे सगळं निस्तरायला लागणारी साधनं फुकट मिळतात. फोनवरून कुणी पैसे मागत असेल तर तो तुमच्या भीतीचे पैसे मागतोय.

खरा की खोटा, कसं ओळखाल?

ब्राउझरमध्ये उघडलेलं पान तुमच्या हार्ड डिस्कवरच्या फायली तपासू शकत नाही. हे एवढं पक्कं लक्षात ठेवलंत तरी निम्मं काम झालं. ‘स्कॅनिंग’ म्हणून सरकणारी पट्टी, झरझर जाणारी फायलींची नावं, शेवटी लाल अक्षरांत ‘ट्रोजन स्पायवेअर’ हा सगळा देखावा आधीच तयार करून ठेवलेला असतो. तुमच्याकडे मॅकबुक असो की दहा वर्षांचा जुना डेस्कटॉप, दिसणार तेच.

पानावर तुमचा आयपी पत्ता आणि गाव दिसलं की लोक हबकतात. ती माहिती तुम्ही उघडता त्या प्रत्येक वेबसाइटला मिळतच असते. गाव तर कितीदा चुकतं. तुम्ही साताऱ्यात बसलेले असता आणि पान ‘मुंबई’ सांगतं.

आणखी एक खूण म्हणजे फोन नंबर. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, हे कंपनीनेच जाहीर केलेलं आहे. शंका असेल तर स्टार्ट मेनूत ‘विंडोज सिक्युरिटी’ टाइप करून ते उघडा आणि ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ बघा. खरोखर काही पकडलं असेल तर त्याची नोंद तिथे असते.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात छोटा चौकोन येतो: ‘मॅकॅफीची मुदत संपली’, ‘३ व्हायरस सापडले, आत्ता काढा’. लोगो हुबेहूब. पण त्याच चौकोनात बारीक अक्षरांत ‘गूगल क्रोम’ आणि एखाद्या अनोळखी वेबसाइटचं नाव असतं. ते वाचा. हा इशारा अँटिव्हायरसचा नाही, त्या वेबसाइटची जाहिरात आहे. फुकट मॅच किंवा सिनेमा बघताना ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा’ असं आलं होतं आणि तुम्ही दाबलंत, तिथून ही पीडा मागे लागली.

तिसरा प्रकार सर्वात धोक्याचा. ‘माणूस आहात हे सिद्ध करा’ असं म्हणून पान तुम्हाला तीन गोष्टी करायला लावतं: विंडोज आणि आर ही बटणं दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. यात चोराने गुपचूप कॉपी करून ठेवलेली आज्ञा तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. कुठलीही खरी वेबसाइट असं कधीच सांगत नाही. हे करून बसला असाल तर इंटरनेट तोडा, दुसऱ्या मोबाइलवरून किंवा कम्प्युटरवरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, आणि मगच पुढे दिलेल्या ऑफलाइन स्कॅनकडे वळा.

पान बंद होत नाहीये

एस्केप बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा. पूर्ण स्क्रीन व्यापलेलं पान लहान होतं आणि बंद करायची फुली दिसते. नाही झालं तर ऑल्ट आणि एफ-फोर. तरीही नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजरमध्ये ब्राउझरचं नाव निवडा, ‘एंड टास्क’ करा. अगदीच अडलं तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून मशीन बंद करा. ‘बंद करू नका’ ही धमकी त्यांच्या सोयीची आहे, तुमच्या नाही. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर ‘रिस्टोअर पेजेस’ विचारेल. हो म्हणू नका, नाहीतर तेच पान परत येईल. वेळ दोन मिनिटं, खर्च शून्य.

अ‍ॅडवेअर घरी कसं काढाल

दर क्लिकला नवी टॅब उघडते, होमपेज आपोआप बदललंय, सर्च भलत्याच नावाच्या पानावर जातो, ही अ‍ॅडवेअरची, म्हणजे जबरदस्तीने जाहिराती दाखवणाऱ्या प्रोग्रामची लक्षणं. काम पुढच्याच क्रमाने करा, क्रम बदलू नका.

आधी नोटिफिकेशन. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘साइट सेटिंग्ज’, मग ‘नोटिफिकेशन्स’. अनोळखी नावं काढून टाका. निम्म्या लोकांचा त्रास इथेच संपतो. दुकानात जायच्या आधी एवढं तरी कराच, कारण याच पाच मिनिटांच्या कामाचे काही जण ‘व्हायरस रिमूव्हल’ म्हणून पैसे लावतात.

मग एक्स्टेन्शन्स. तुम्ही स्वतः टाकलेलं आठवत नसेल ते काढा. कूपन शोधून देणारे, पीडीएफ बदलून देणारे, व्हिडिओ उतरवून देणारे आधी संशयित धरा. काढायचं बटणच चालत नसेल आणि घरच्या कम्प्युटरवर क्रोम ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ म्हणत असेल, तर काहीतरी आत मुरलंय. पुढचं स्कॅन टाळू नका. ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र ही ओळ नेहमीचीच असते.

त्यानंतर विंडोजच्या सेटिंग्जमधली अ‍ॅप्सची यादी. ती तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या सुमारास काय आलं ते बघा आणि अनइन्स्टॉल करा. प्रिंटर, साउंड, ग्राफिक्स यांच्या नावाचं काही असेल तर हात लावू नका.

आता स्कॅन. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासून असतो, वेगळे पैसे नाहीत. विंडोज सिक्युरिटीत ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधी ‘फुल स्कॅन’ लावा. याला काही तास लागू शकतात, रात्री लावून ठेवा. मग ‘ऑफलाइन स्कॅन’. यात मशीन स्वतः रीस्टार्ट होतं, साधारण पंधरा मिनिटं लागतात. आधी उघड्या फायली सेव्ह करा. लॅपटॉप चार्जरला लावा.

डिफेंडरच्या नजरेतून सुटलेल्या टूलबार आणि जाहिरातबाज प्रोग्रामसाठी मालवेअरबाइट्स कंपनीचं अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर फुकट आहे आणि इन्स्टॉलही करावं लागत नाही. शिवाय केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २०१७ साली सुरू केलेलं सायबर स्वच्छता केंद्र आहेच. सीएसके डॉट जीओव्ही डॉट इन या पत्त्यावर विंडोज आणि अँड्रॉइड दोन्हींसाठी मोफत साधनं मिळतात. अशी साधनं उतरवताना गूगलवरच्या ‘स्पॉन्सर्ड’ निकालावर क्लिक करू नका. व्हायरस काढायला गेलेला माणूस तिथूनच नवा घेऊन येतो.

शेवटी ब्राउझर रीसेट. बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड राहतात, एक्स्टेन्शन्स बंद होतात, होमपेज मूळ जागी येतं. पुढच्यासाठी विंडोज सिक्युरिटीच्या ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’मध्ये ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड अ‍ॅप ब्लॉकिंग’ चालू करून ठेवा. काही मशीनवर ते बंद असतं.

दुकानात न्यायचंच असेल तर

फॉरमॅट आणि विंडोज टाकण्याचे साधारण ५०० ते १००० रुपये होतात. शहर, दुकान आणि घरी येणं यावर आकडा हलतो. पण त्याच्या आजूबाजूला काय जोडतात ते बघा.

‘विंडोजचं लायसन्स वेगळं’ असं सांगतील. लॅपटॉप विंडोजसकट घेतला असेल तर त्याचं डिजिटल लायसन्स मशीनला जोडलेलं असतं. तीच आवृत्ती पुन्हा टाकली की इंटरनेट जोडल्यावर ते आपोआप चालू होतं. पैसे पुन्हा द्यायचे नाहीत. उलट ‘क्रॅक’ किंवा ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ने विंडोज चालू करून देतो म्हणाले तर नको म्हणा. कितीतरी मशीनमध्ये घाण त्यातूनच येते.

‘डेटा बॅकअपचे वेगळे’ हे रास्त आहे, पण ते आधी ठरवा. फोटो आणि कागदपत्रं स्वतःच पेनड्राइव्हवर घ्या. पैसे वाचतात आणि अनोळखी हातात आधार-पॅनच्या प्रतीही जात नाहीत. दुकानदाराला बँकेचा, ईमेलचा पासवर्ड देऊ नका. लागतो तो फक्त कम्प्युटरचा, आणि मशीन परत आलं की तोही बदला.

‘अधिक १८ टक्के जीएसटी’ म्हणाले तर बिलावर जीएसटी क्रमांक मागा. क्रमांक नसलेल्याला हा कर घेता येत नाही. विंडोज ११ च्या ‘अपग्रेड चार्ज’चंही तसंच: तुमचं मशीन पात्र असेल तर विंडोज १० वरून ११ चं अपग्रेड फुकट आहे. दुकानदाराच्या वेळेचे पैसे द्या, लायसन्सचे नकोत.

‘फ्री हेल्थ चेक’च्या पाट्यांचंही एक सांगतो. अमेरिकेत ऑफिस डेपो या मोठ्या साखळीच्या दुकानांत असा तपास व्हायचा. आधी चार प्रश्न विचारायचे: मशीन हळू चालतं का, जाहिराती येतात का, वगैरे. त्यातल्या एकावर जरी खूण केली तरी प्रोग्राम व्हायरसची लक्षणं दाखवायचा, मशीनमध्ये काही असो वा नसो. २०१९ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करताना ऑफिस डेपो आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीला मिळून साडेतीन कोटी डॉलर मोजावे लागले. तेव्हा काय सापडलं ते तुमच्यासमोर स्क्रीनवर दाखवायला सांगा. सापडलेल्या व्हायरसचं नाव दाखवत नसतील तर पैसे देऊ नका.

अँटिव्हायरस विकत घ्यायलाच हवा का? घरगुती वापराला डिफेंडर पुरतो, असं माझं मत. घेतलाच तर ‘ऑटो रिन्युअल’ची खूण काढा. पहिल्या वर्षी सवलत असते, दुसऱ्या वर्षी पूर्ण रक्कम कापली जाते. यूपीआय अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ बघा, तिथून मॅन्डेट रद्द करता येतं. कार्डावर असेल तर पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना येते. तो एसएमएस जाहिरात समजून पुसू नका.

फोन लावलाच असेल तर

पलीकडचा माणूस नम्र असतो. तो एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर किंवा विंडोजमधलंच क्विक असिस्ट उघडायला सांगतो. मग ‘इव्हेंट व्ह्यूअर’ दाखवतो, त्यात लाल फुल्या आणि पिवळे त्रिकोण. कालच खोक्यातून काढलेल्या कम्प्युटरमध्येही त्या नोंदी असतात. पुढे एक वर्ष, तीन वर्षं, ‘लाइफटाइम’ असे दर सांगतो. आणि महिन्याभराने दुसराच कुणी ‘कंपनी बंद झाली, रिफंड देतो’ म्हणून फोन करतो. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

मशीनचा ताबा दिला असेल तर आधी वायफाय बंद करा, मग ते रिमोट अ‍ॅप काढा, मग दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला आणि बँकेला फोन करून कार्ड व नेटबँकिंग थांबवा.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा. हा केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीचा क्रमांक, चोवीस तास आणि मोफत. हाताशी ठेवा: बँकेचं नाव, खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक म्हणजे यूटीआर, तारीख-वेळ, रक्कम, समोरच्याचा नंबर. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण करा. तिथे स्क्रीनशॉट, बँक स्टेटमेंट आणि ओळखपत्र जोडा, पोचक्रमांक जपून ठेवा. जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. ‘आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही.

बँकेला लेखी कळवणं वेगळं, तेही त्याच दिवशी करा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना तुमची ना बँकेची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमची जबाबदारी शून्य. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचं नुकसान तुमचं, त्यानंतरचं बँकेचं. म्हणून एकेक तास मोलाचा. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन इथे जा. फी नाही, वकील नको. ‘पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा’ म्हणणारे एजंट ही दुसरी फसवणूक.

मुलांकडे अमेरिकेत राहणाऱ्या आई-बाबांना मात्र तिथले मार्ग सांगून ठेवा: तक्रार आयसी३ डॉट जीओव्ही इथे, आणि कुणी गिफ्ट कार्डचे आकडे फोनवर मागितले की फोन ठेवून द्यायचा.

१९३० हा क्रमांक आत्ताच घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये सेव्ह करा. गडबडीच्या वेळी गूगलवर ‘सायबर हेल्पलाइन’ शोधू नका. तिथेही चोरांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात.