संगणकातील नोंदी आणि दुसरी प्रत



पूर्वी उसाची नोंद रजिस्टरात शाईने होत असे. आता लागणीची तारीख, उसाची जात, क्षेत्र, काट्यावरचे वजन हे सारे संगणकात असते. तोडणीची पाळी लागणीच्या तारखेवर ठरते आणि बिल वजनावर. म्हणजे ऐन हंगामात या नोंदी गेल्या, तर घोळ नुसता हापिसात होत नाही, फडात ऊस उभा राहतो.

संगणक बिघडला तर नवा आणता येतो. आतली नोंद बाजारात मिळत नाही. म्हणून तिची दुसरी प्रत, जिला बॅकअप म्हणतात, ती ठेवायची. पण कोठे? इथेच पुष्कळांचे चुकते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच कंपनीच्या संगणक केंद्राला आग लागली. पाच मजली इमारत जळाली. काही ग्राहकांनी पैसे भरून बॅकअप घेतलेला होता; पण मूळ नोंद आणि तिची प्रत एकाच इमारतीत! दोन्ही गेल्या. सगळा कडबा एकाच गंजीत रचावा, तशातली गत. २०२३ मध्ये कोर्टाने अशा एका ग्राहकाला भरपाई द्यायला लावली खरी.

तेव्हा मूळ नोंद सोडून प्रती दोन असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. प्रत घेऊन झाली की डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. कायम जोडलेली राहिली, तर खंडणी मागणारा व्हायरस मूळ नोंदीबरोबर तिलाही कुलूप घालतो. शिवाय ती प्रत अधूनमधून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. बेणे घेताना आपण डोळा बघतोच की!

आता घरचे. काट्यावरची पावती थर्मल कागदावरची असेल, तर ट्रॅक्टरवर उन्हात काळी पडते, नाहीतर खिशात पुसट होते. त्याच दिवशी झेरॉक्स काढा, किंवा फोटो काढून मुलीच्या, पुतण्याच्या मोबाईलवरही पाठवून ठेवा. फोटो तुमच्या एकट्याच्या मोबाईलात राहिला आणि मोबाईल पाटात पडला, की संपले. आणि येत्या सर्वसाधारण सभेत बिनदिक्कत विचारा: आपल्या नोंदींची प्रत कोठे ठेवली आहे, आणि ती शेवटची कधी उघडून पाहिली?