मान धरवत नाही

भाताला खोडकिडा लागला की आपण म्हणतो, "औषध मारायचंय." आम्हीही तसेच म्हणतो. पण डब्यात असते ते विष.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकऱ्यांना व मजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसे दगावली. आपल्या मुळशीत कपाशी नाही, भात आहे. पण पाठीवरचा पंप तोच.

क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस अशी 'फॉस'ने संपणारी नावे डब्यावर वाचा. हे विष श्वासातून जाते, कातडीतूनही मुरते. घाम सुटतो, लाळ गळते, उलट्या होतात, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. दवाखान्यात ॲट्रोपीनची सुई देतात. लाळ थांबते, माणूस बोलू लागतो. घरचे म्हणतात, "बरा झाला, चला घरी."

इथेच घात होतो. काहींना एका दिवसानंतर, चार दिवसांच्या आत, दुसरेच दुखणे येते. उशीवरून मान उचलत नाही. पापण्या जड होतात. मग छातीचे स्नायू थकतात आणि श्वास अडतो. त्यावर ॲट्रोपीन चालत नाही. यंत्राने श्वास द्यावा लागतो. वेळेवर दिला तर बहुतेक माणसे सावरतात. म्हणून डॉक्टर सोडीपर्यंत रोग्याला हलवू नये, आणि रोज त्याला म्हणावे, "बाबा, मान उचलून दाखव."

क्वचित दोन-तीन आठवड्यांनी पोटऱ्या दुखतात, पायांना मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटते. नसांना इजा झालेली असते. लोक बाहेरची बाधा समजून अंगारा लावतात! तेव्हा डॉक्टरांना मागची फवारणी आपणहून सांगावी आणि डब्यावरचे नाव कागदावर लिहून न्यावे.